फोटो कुणाच्या नावावर

‘हमारा शहर’मध्ये एक बाई दिग्दर्शकाला झापते. रस्त्यावर मांडलेलं बिऱ्हाड, नुकतीच झालेली पाडापाडी, आणि समोर कॅमेरा घेऊन उभे असलेले आनंद पटवर्धन. बाई चिडलेली आहे, पण रडत नाही. ती विचारते ते थोडक्यात असं: गरिबाचे फोटो काढून तू करणार काय? तुझं नाव होईल, आमचं काय होणार? तिचं समाधान होईल असं उत्तर दिग्दर्शकाकडे नाही. कुणाकडे असणार? पण संकलनाच्या टेबलावर बसल्यावर हा तुकडा त्यांना सहज काढून टाकता आला असता, आणि तो त्यांनी काढला नाही. सोळा मिलिमीटरच्या फिल्मचा जमाना होता तो. फूटभर फिल्मलासुद्धा पैसे मोजावे लागत, आणि आपल्यालाच बोल लावणाऱ्या बाईसाठी त्यातली कित्येक फूट खर्ची घालायची म्हणजे विचार करूनच केलेली गोष्ट.

या पुस्तकाची सुरुवात त्या बाईपासून करावी असं मला वाटलं, कारण गेल्या वर्षभरात आमच्या फिल्म सोसायटीत जे काही बोलणं झालं ते फिरून फिरून तिच्याच प्रश्नापाशी आलं.

आमची सोसायटी लहान आहे. सभासद सव्वाशे, येणारे चाळीस, आणि पाऊस असला तर सतरा. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक माहितीपट, मग चहा, मग चर्चा. गेलं वर्ष आम्ही एकच विषय धरला: ज्यांना घर नाही आणि जे शहराच्या काठाकाठानं जगतात, त्यांच्यावरचे माहितीपट. पहिल्या दोन महिन्यांत काही सभासद म्हणाले, किती दिवस हे दुःख बघायचं? त्यांचंही बरोबर होतं. या विषयावरचे अर्धे माहितीपट असे असतात की पाहणाऱ्याला तासभर अपराधी वाटतं आणि नंतर भूक लागते. तेव्हा ठरलं की प्रत्येक खेळानंतर कुणीतरी एकानं टिपण लिहून आणायचं, आणि त्यात ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द येता कामा नये. ती टिपणं म्हणजे हे पुस्तक. लिहिणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, एक परिचारिका आहे, वास्तुरचना शिकणारी दोन मुलं आहेत. पेशानं चित्रपट समीक्षक एकही नाही, आणि ते मला बरंच वाटतं.

आता त्या बाईच्या ‘फोटो’ या शब्दाकडे येतो. मुंबईच्या झोपडपट्टीत या शब्दाला जे वजन आहे, ते बाहेरून आलेल्या प्रेक्षकाला कळत नाही. 1976 साली सरकारनं झोपड्यांची गणना केली. झोपड्यांवर नंबर टाकले, कुटुंबांना ओळखपत्रं दिली. लोकांच्या तोंडी त्याचं नाव फोटोपास. पुढची कितीतरी वर्षं ज्याच्याकडे फोटोपास तो शहरात ‘आहे’, आणि ज्याच्याकडे नाही तो पन्नास वर्षं राहिला तरी कालच आला. नंतर तारखा बदलत गेल्या. 1 जानेवारी 1995 आली, मग 1 जानेवारी 2000 आली. पण पुरावा हा शब्द तसाच राहिला. रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, वीजबिल, फोटोपास, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी. पालिकेची गाडी आली की भांडीकुंडी नंतर, आधी ती पिशवी.

तर अशा शहरात एक अनोळखी माणूस येतो, तुमचा फोटो काढतो आणि निघून जातो. तो फोटो तुमच्या पिशवीत येत नाही. बाईचा राग मला इथे समजतो. तिला फोटोचं वावडं नव्हतं. फोटोनं काय होतं आणि फोटो नसला तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिचा प्रश्न हिशोबाचा होता: हा पुरावा कुणाच्या नावावर जमा होणार?

‘हमारा शहर’ 1985 सालचा. त्याच वर्षी 10 जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. चित्रपट आणि निकाल एकमेकांशेजारी ठेवून बघावेत असा माझा आग्रह आहे, कारण दोन्ही एकाच पाडापाडीतून जन्मलेले. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या त्यांच्या गावी परत पाठवायचं. त्याप्रमाणे माणसं बसमध्ये घातली गेली. निकालपत्रात एका अर्जदाराची हकीकत आहे. तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. त्याची झोपडी 23 जुलैला मोडली आणि त्याला बायकामुलांसह सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको आणि मुली तिकडे राहिल्या, हा काम शोधत मुंबईला परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच टेकला.

दुसरा अर्जदार आपल्या संगमनेरचा, आणि त्याच्याबद्दलच्या चार ओळी मी कितीदा वाचल्या असतील. 1969 साली तो मुंबईत आला. गावी जोड्यांचं काम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळत. मग गावातलं घर, होतं तेवढंही, पडलं. मुंबईत तो बदली कामगार म्हणून लागला, महिना 350 रुपयांवर. तुळशीवाडीच्या फुटपाथवर त्याला जागा मिळाली, ती तिथल्या गुंडाला 300 रुपये देऊन. बांबू आणि प्लॅस्टिकला 700 रुपये गेले. फुटपाथसुद्धा पगडीवर! हजार रुपये, म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा पगार, आणि बदल्यात आभाळाखाली चार बांबू. ‘हे लोक फुकटात राहतात’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा वाचून दाखवावा. आणि कामराज नगर, जे याच खटल्यात येतं, ती वस्ती 1960-61 च्या सुमारास पश्चिम द्रुतगती मार्गालगत उभी राहिली ती कुणाची? रस्त्याकडेनं पाण्याचे नळ टाकणाऱ्या कंपनीच्या मजुरांची. शहराला पाणी आणून दिलं त्यांनी, आणि वीस वर्षांनी तेच शहर त्यांना उठ म्हणालं.

न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. दुसरी, फुटपाथ ही राहण्याची जागा नव्हे, पालिका ते मोकळे करू शकते, मात्र पावसाळा सरू द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. कायद्याचे विद्यार्थी पहिली पाठ करतात, रस्त्यावरच्यांच्या लक्षात दुसरी राहिली. आणि ज्यांच्याकडे 1976 च्या गणनेचं ओळखपत्र होतं, त्यांना पर्यायी जागा द्यावी, असंही त्यात होतं. पुन्हा तोच फोटो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपर्यंत पोचलेला, पेटीच्या तळाशी ठेवलेला पास.

निकालपत्रात माणसं वकिलांच्या तोंडून बोलतात. ‘हमारा शहर’मध्ये ती स्वतः बोलतात, आणि त्यांना उठवणारेही बोलतात. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. पटवर्धनांनी कॅमेरा फक्त झोपडीकडे रोखला असता तर चित्रपट दयेवर संपला असता. ते साहेबांकडे गेले, शहर स्वच्छ आणि सुंदर असावं असं मनापासून वाटणाऱ्या सुखवस्तू नागरिकांकडे गेले, आणि त्यांना निवांत बोलू दिलं. ही मंडळी दुष्ट नाहीत. आपल्यासारखीच आहेत, चहा पिताना बोलतात तशी बोलतात. आमच्या खेळात या प्रसंगांना हशा पिकला, मग हशा थांबला, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका सभासदानं कबूल केलं की गेल्या सोसायटी मीटिंगमध्ये, म्हणजे राहत्या इमारतीच्या, फिल्मच्या नव्हे, त्यांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यांबद्दल अगदी हेच वाक्य उच्चारलं होतं.

या चित्रपटात विलास घोगरे गातात. शाहीर, आवाज असा की गल्लीच्या टोकाला माणूस थांबावा. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी तिथून जो चित्रपट सुरू केला तो ‘जय भीम कॉम्रेड’, तीन तासांहून मोठा, आणि पुरा व्हायला 2011 उजाडलं. चौदा वर्षं. बाईनं विचारलेल्या प्रश्नाला कुठलं एक उत्तर असेल तर ते बहुधा असलंच काहीतरी असणार: ज्याचा आवाज तुम्ही एकदा घेतलात, त्याच्या दारात पुन्हा जाणं.

पण त्याही आधी एक जास्त रोकडं उत्तर मिळालं होतं, आणि ते चित्रपटाच्या बाहेरचं आहे. 1986 साली नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती तोडली गेली. मंत्रालय हाकेच्या अंतरावर. ‘हमारा शहर’ला त्या सुमारास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पटवर्धन, शबाना आझमी आणि वस्तीतले रहिवासी उपोषणाला बसले. निवारा हक्क सुरक्षा समिती पाठीशी होती. पाच दिवसांनी सरकार वाकलं आणि वस्तीला गोरेगावला दिंडोशीत जागा मिळाली. चित्रपटामुळे मिळाली का? माझं मत, नाही. उपोषणामुळे मिळाली, आणि नट्या-दिग्दर्शकांचं नाव त्या उपोषणाला होतं म्हणून लवकर मिळाली. बाई म्हणाली होती ना, तुझं नाव होईल? नाव झालं, आणि ते नाव त्या उन्हात बसवून खर्च केलं. ही गोष्ट आमच्या चर्चेत मी सांगितली तेव्हा वास्तुरचनेच्या मुलीनं विचारलं की नरिमन पॉइंटला काम करणारा माणूस दिंडोशीहून रोज कसा येणार? मला त्यावर गप्प बसावं लागलं. फुटपाथवरचा माणूस फुटपाथवर का राहतो, तर काम तिथे चालत जाण्याच्या अंतरावर असतं म्हणून. ओल्गा टेलिस खटल्याचा सगळा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा होता. तिचं टिपण पुस्तकात आहे, आणि ते माझ्यापेक्षा कडक आहे.

परदेशी माहितीपटांवर पुस्तकात चार टिपणं आहेत. त्यांतल्या तीन चित्रपटांबद्दल मी भरभर सांगतो, कारण लिहिणाऱ्यांनी चांगलं लिहिलंय.

1935 चा ब्रिटिश ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ जेमतेम पंधरा मिनिटांचा. लंडनच्या गलिच्छ वस्तीतल्या बाया-पुरुष कॅमेऱ्याकडे बघून आपल्या घराबद्दल बोलतात. एक बाई उंदराची गोष्ट सांगते, ती तर नाटकातल्या प्रवेशासारखी रंगते. गरिबानं पडद्यावर स्वतःच्या तोंडानं बोलावं ही कल्पना तेव्हा नवी होती. पैसे दिले होते गॅस कंपन्यांच्या संघटनेनं, कारण नवी घरं झाली की नव्या शेगड्या खपणार! दुखणं खरं, बोलणारी माणसं खरी, आणि हिशोबही खरा. माहितीपटाच्या जन्मातच ही गाठ आहे हे आपण विसरू नये.

लायनेल रोगोसिनचा ‘ऑन द बोवरी’ (1956) न्यूयॉर्कच्या दारूड्यांच्या रस्त्यावरचा. त्यातल्या दोन मुख्य माणसांपैकी म्हातारा चित्रीकरणानंतर थोड्याच काळात दारूनं गेला. दुसऱ्या देखण्या माणसाला हॉलिवूडचं बोलावणं आलं होतं म्हणतात, पण तो नंतर कुठे गेला ते कळलं नाही. व्हेनिसला बक्षीस मिळालं ते चित्रपटाला.

याच्या उलट टोकाला ‘डार्क डेज’ (2000). मॅनहॅटनच्या रिव्हरसाइड पार्कखालच्या आगगाडीच्या बोगद्यात माणसं राहत होती. फळ्या, पत्रे लावून केलेली घरं, त्यात चोरून घेतलेल्या विजेवर दिवे, शेगडी, कुत्री. मार्क सिंगर नावाचा एक इंग्रज तरुण तिथे जाऊन राहिला. त्यानं पूर्वी कधी कॅमेरा हातात धरलेला नव्हता. चित्रपट काढू ही कल्पना बोगद्यातल्याच माणसाची. प्रकाशयोजना त्यांनी केली, कॅमेरा सरकवायची गाडी त्यांनीच बनवली. मग रेल्वेनं बोगदा खाली करायला सांगितला, तेव्हा घरभाड्याच्या सरकारी मदतीची पत्रं मिळवण्याची खटपट झाली आणि माणसं वर, घरांत गेली. शेवटी एक माणूस आपली बोगद्यातली झोपडी घण घालून फोडतो. पाडापाडीचे इतके प्रसंग या वर्षात पाहिले, त्यात पाडणारा हसतोय असा हा एकटा.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते दिल्लीच्या ‘सिटीज ऑफ स्लीप’नं. शौनक सेन यांचा 2015 चा चित्रपट. पुढे त्यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ जगभर गाजला, पण माझा जीव याच्यावर. घर नसणं म्हणजे काय, याचं आपलं उत्तर साधारण छपराशी थांबतं. सेन छप्पर सोडून झोपेकडे वळतात. रात्र झाली की बेघर माणसाला पहिला प्रश्न पडतो तो कुठे झोपू, आणि कोण झोपू देईल. दिल्लीत यमुनेवरच्या जुन्या लोखंडी पुलाखाली एक जागा आहे, किंवा चित्रीकरणाच्या वेळी होती. पैसे टाकायचे, पडद्यावर सिनेमा चालू असतो, आणि समोर चारशेहून जास्त माणसं सहा-सहा तास झोपतात. डोक्यावरून गाड्या जातात, शेजारी नदी वाढते-उतरते. जामा मशिदीजवळच्या मीना बाजारात खाटा आणि रजया भाड्यानं मिळतात, आणि कुठल्या रात्री कुणाला जागा द्यायची हे ठरवणारा माणूस वेगळा. थंडी वाढली की भाव वाढतो. संगमनेरच्या माणसानं जागेची पगडी दिली होती. इथे झोपेची द्यावी लागते, आणि तीही दर रात्री नव्यानं.

आम्ही प्रेक्षक सिनेमा बघायला पैसे भरून जागे राहतो. तिथे माणसं पैसे भरून सिनेमासमोर झोपतात. या खेळाच्या रात्री आमच्या हॉलमध्ये या वाक्यावर कुणी बोललं नाही, पण उशिरा आलेले दोन सभासद पेंगत होते ते चटकन सावरून बसले.

त्याच रात्रीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या हॉलबाहेर चहा देणारा एक माणूस आहे. वय साठीच्या घरात. मुंबईत आला तेव्हा सहा-सात वर्षं त्यानं रस्त्यावर काढली, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. तो मागच्या दारात उभा राहून चित्रपट बघत होता. संपल्यावर चहाचे कप गोळा करताना मला म्हणाला, “पिक्चर चांगला आहे, पण साहेब, चपला कुठं आहेत?” मला कळेना. तो म्हणाला, रस्त्यावर झोपणारा माणूस चपला पायाशी काढून ठेवत नाही. त्या उशाला घेतो, वर फडकं टाकतो आणि डोकं ठेवतो. चपला चोरीला गेल्या की दुसऱ्या दिवशी हमालीला जाता येत नाही. उन्हात डांबरावर अनवाणी ओझं उचलायचं कसं? “माणूस झोपलेला दाखवायचा तर त्याची उशी दाखवली पाहिजे,” असं त्याचं म्हणणं.

चित्रपटात चपला खरंच नव्हत्या की आमच्या नजरेतून सुटल्या, हे बघायला मी तो पुन्हा लावला नाही. पण त्यानंतरचे सगळे माहितीपट मी उशी शोधत पाहिले. तुम्हीही बघा. झोपलेल्या माणसाचा चेहरा जवळून घेणारे दिग्दर्शक पुष्कळ आहेत, उशाला काय आहे ते दाखवणारे थोडे.

आपल्या भाषेत हे काम आधी पुस्तकांनी केलं, आणि ज्यांचं जगणं त्यांच्याच हातानं केलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 चं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण गमतीनं वापरतो, त्या म्हणीच्या आतून लिहिलेली ही पुस्तकं. तिथे कुणी फोटो काढून नेत नाही, सांगणारा स्वतः सांगतो, आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर नाव त्याचंच असतं. कॅमेरा महाग होता, वही स्वस्त होती, एवढाच काय तो फरक. म्हणून मराठी माहितीपट बराच काळ बाहेरच्या माणसाचा राहिला. त्यातही काहींनी नीट केलं. अतुल पेठे यांचा ‘कचराकोंडी’ पुण्याच्या सफाई कामगारांबरोबर गटारात उतरतो, आणि पुण्यातल्या प्रेक्षकाला आपल्याच घराच्या कचऱ्याचा डबा पडद्यावर भेटतो. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’मध्ये (2001) नारायण सुर्वे गिरणगावातून चालतात. जन्मतःच रस्त्यावर सापडलेलं आणि गिरणी कामगारानं उचलून वाढवलेलं पोर, पुढे याच शहराचा कवी झालेलं. मुंबईच्या फुटपाथला याहून मोठा साक्षीदार मला माहीत नाही.

कॅमेरा स्वस्त झाल्यावर चित्र बदललं. अहमदाबादच्या छारानगरातल्या बुधन थिएटरचे दक्षिण बजरंगे स्वतः छारा समाजातले. ज्या जमातीला इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तिच्यातल्या माणसानं कॅमेरा हातात घेऊन भटक्या-विमुक्तांवर चित्रपट केले. आणि आता तर पाडापाडीची गाडी आली की पालिकेच्या आधी वस्तीतली पोरं मोबाइल काढतात. त्या फितींना सुरुवात-शेवट नसतो, हात थरथरत असतो, आवाजात शिव्या असतात. आमच्या सभासदांपैकी काहींना ते माहितीपट वाटत नाहीत. मला वाटतात. त्यांत बाईचा प्रश्न सुटलेला आहे: फोटो जिचा, मोबाइल तिचा.

सुटलेला म्हटलं खरं, पण अर्धाच. पुराव्याची एक दुसरी धार आहे, आणि ती या पुस्तकाचं काम करताना आमच्या हाताला लागली. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा 1959 चा. त्याखाली भीक मागणाराच धरता येतो असं नाही. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही, भीक मागून जगतो अशा संशयावर, धरता येतो, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतो. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2018 मध्ये या कायद्याच्या दिल्लीला लागू असलेल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या. मूळ नाव मुंबईचं असलेला हा कायदा महाराष्ट्रात मात्र त्या निकालानं हलला नाही. तेव्हा फुटपाथवरच्या माणसाचा चेहरा, त्याची गल्ली, तो रात्री कुठे टेकतो ते, सगळं मोठ्या पडद्यावर दाखवणं म्हणजे त्याच्या बाजूचा पुरावा असेलच असं नाही. तो त्याच्या विरुद्धही वापरता येतो. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेचे कर्मचारी देशभरातल्या बेघरांना मोजत फिरले तेव्हा आकडा आला सुमारे 17 लाख 70 हजार, त्यात शहरांतले सव्वानऊ लाखांच्या वर. बेघरांत काम करणारे लोक हा आकडा कमी मानतात, आणि ते मला पटतं. दिवा आणि कागद घेऊन रात्री कुणी साहेब आला तर रस्त्यावरचा माणूस आधी उठून दुसरीकडे जातो, मग विचारतो की कशाला आला होता.

आमच्या टिपणं लिहिणाऱ्यांपैकी परिचारिकेनं एक गोष्ट केली. ‘सिटीज ऑफ स्लीप’ बघितल्यावर ती आपल्या रुग्णालयाच्या बाहेर रात्री झोपणाऱ्या लोकांशी बोलली. पेशंटबरोबर गावाहून आलेले, वॉर्डात जागा नाही म्हणून फाटकाशी पथारी टाकणारे. महिना-महिना तिथेच. कागदोपत्री बेघर नव्हेत, पण रात्री बेघरच. तिनं चपलांबद्दलही विचारलं. एका बाईनं सांगितलं की तिच्या उशाला चपला नसतात, औषधांची फाइल असते. हे टिपण पुस्तकात सर्वांत लांब आहे आणि माझ्या मते सर्वांत चांगलं. त्यातून रुग्णालयाचं नाव आणि त्या माणसांची नावं मी काढायला सांगितली. तिचं-माझं त्यावरून दोन आठवडे भांडण झालं. ती म्हणाली, नाव काढलंत तर माणूस पुन्हा अदृश्य होतो. तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. तरी नावं काढली. ‘वुई, द इनव्हिजिबल’ या नावाचा एक अहवाल 1985 सालीच स्पार्क या संस्थेनं काढला होता, मुंबईतल्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी करून. फरक असा की ती मोजणी फुटपाथवरच्या लोकांना बरोबर घेऊन झाली होती. तसं आम्ही केलेलं नाही, आम्ही शनिवारी चहा पिऊन घरी जाणारी माणसं. म्हणून नावं छापायचा हक्क आमच्याकडे नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं टिपण परत घेतलं नाही, पण प्रस्तावनेत हे भांडण लिहायचं अशी अट घातली. ते लिहिलं.

तेव्हा वाचकांना एक सूचना. या पुस्तकात जिथे ‘एक माणूस’, ‘एका फाटकाशी’, ‘एका पुलाखाली’ असं लिहिलेलं दिसेल, तिथे मुद्रितशोधकाला बोल लावू नये. ते आम्ही जाणून मोघम ठेवलं आहे. आणि यातला कुठला माणूस तुमच्या ओळखीचा निघाला तर पुस्तक त्याला नेऊन दाखवा. त्याच्याबद्दल आम्ही काही चुकीचं लिहिलं असेल तर ते तोच सांगू शकेल. पुढची आवृत्ती निघालीच, तर दुरुस्ती त्याच्या नावानं छापायची की नाही, हे त्याला विचारून ठरवू.